कोंबडीचं अर्धं तिकीट आणि आमचा अभिप्राय विभाग

अभिप्रायांचे मी चार ढीग करत असे. दुरुस्ती, मागणी, तक्रार आणि कौतुक. दुरुस्ती म्हणजे काहीतरी बिघडलं आहे: अक्षरांऐवजी चौकोन दिसतात, फोटो चढत नाही, पासवर्ड विसरला. मागणी म्हणजे जे नाही ते हवं आहे. तक्रार म्हणजे जे आहे ते नको आहे. कौतुकाला उत्तर देणं सगळ्यात सोपं, म्हणून ते शेवटी. हा क्रम मी बसवला आणि संकेतस्थळ चालू होतं तोवर तो बदलला नाही. बाकी जवळजवळ सगळं बदललं.

संकेतस्थळ माझ्या धाकट्या दिरांचं. नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी एक्याऐंशी साली टायपिंग शिकले आणि पुढे गावातल्याच मस्तगड भागात माझा स्वतःचा टायपिंगचा क्लास काढला. कॉम्प्युटर आले तशी मुलं कमी झाली. शेवटी मशिनं भंगारात दिली. ती बहुधा एमआयडीसीतल्या एखाद्या भट्टीत जाऊन कुणाच्या तरी स्लॅबची सळई झाली असतील. म्हणजे उपयोगी पडली. मी मात्र घरात बसून डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते, तेव्हा दीर आले आणि म्हणाले, "वहिनी, घरी बसून काय करून राह्यल्या? तिकडं या. तुमच्यासारखं बराबर काम करणारं माणूस मला मिळत न्हाई."

काम काय, तर मराठीत ब्लॉग लिहायची सोय. ब्लॉग म्हणजे काय हे तेव्हा आमच्याकडे फारसं कुणाला माहीत नव्हतं. दीर सांगायचे, "इंटरनेटवरची वही. तुम्ही हितं लिहा, अमेरिकेत वाचतील." औरंगाबादचे दोन प्रोग्रामर आठवड्यातून दोनदा बसनं यायचे, काहीतरी करून जायचे, आणि ते गेले की जे बिघडायचं त्याचे अभिप्राय माझ्याकडे यायचे.

अडचण एकच होती. लिहिणारे मिळत होते, वाचणारे नव्हते. घरात इंटरनेट असणारी माणसं थोडी, आणि ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडे भारनियमनामुळे दिवसातले कितीतरी तास वीज नसायची. यावर दिरांनी जी युक्ती काढली ती त्यांचीच होती आणि चांगली होती, एवढं श्रेय मी त्यांना देते. क्लासबाहेर भिंतीला त्यांनी जाळीचं दार असलेला एक मोठा फलक लावला. दर सोमवारी निवडक ब्लॉग छापून आम्ही त्यात लावायचो. दुसरी प्रत मस्तगडातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात. फलकाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याच्या झाकणाला फट आणि दोऱ्याला बांधलेलं पेन. लोकांनी वाचावं, कागदाच्या कपट्यावर अभिप्राय लिहावा, डब्यात टाकावा. संध्याकाळी मी डबा उघडायचे, ढीग करायचे आणि प्रत्येक चिठ्ठी त्या त्या लेखाखाली टाइप करायचे. जिथं उत्तर लागेल तिथं उत्तर. चिठ्ठीला उत्तर हवं तर पुन्हा फलकावर. प्रत्येक अभिप्रायाला उत्तर गेलंच पाहिजे, हा माझा नियम होता.

गाडीची वाट बघणारे, बियाणे कंपन्यांतले कारकून, मिलमधून सुटून दुचाकीवर घरी जाणारे, रिक्षावाले, सगळे तिथं थांबू लागले. मोठमोठ्या शहरांत ब्लॉग लिहिणाऱ्यांना नसतील इतके वाचक आमच्या जाळीच्या दारासमोर उभे असायचे.

आमच्याकडे सरकारी नोकरांना सक्तीचा केलेला कॉम्प्युटरचा कोर्सही चालायचा. त्याला अंबड तालुक्यातल्या एका गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाई यायच्या. माझ्याच वयाच्या, पन्नाशीला टेकलेल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बसनं यायच्या. दोन बोटांनी टाइप करायच्या, आणि मी मागून जाऊन त्यांची बोटं नीट जागेवर ठेवायचे.

"मॅडम, ह्या वयात बोटं ऐकत न्हाईत," त्या म्हणायच्या.

"पोरांना असंच सोडता का तुम्ही?"

"पोरांना छडी दाखवता येते. बोटांना काय दाखवू?"

त्यांनी ब्लॉग उघडला. टोपणनाव घेतलं 'वर्गशिक्षिका'. पहिला लेख लिहिला तो कोंबडीचा.

त्यांची आई त्यांच्या सासरी येताना गावाकडून एक कोंबडी घेऊन निघाली होती. एसटीत कंडक्टरनं कोंबडीचं अर्धं तिकीट मागितलं. आई म्हणाली, हिला अजून पाच वर्षं झाली न्हाईत, शाळेत घातली की काढते तिकीट. कंडक्टर म्हणाला, मंग मांडीवर घ्या, सीटवर बसवू नका. आईनं मांडीवर घेतली. पुढच्या थांब्याआधी कोंबडीनं अंडं घातलं, आणि गाडीत वाद सुरू झाला की अंडं कोणाचं. एक म्हणाला, सरकारच्या गाडीत घातलं म्हणजे सरकारजमा. दुसरा म्हणाला, तिकीट काढलंच नाही तर कोंबडी गाडीत आहे हेच कागदोपत्री सिद्ध होत नाही, मग अंडं आलं कुठून? आई खिडकीशी बसून दोन्ही बाजूंचं ऐकत होती आणि अंडं तिनं केव्हाच पदरात बांधलं होतं. लेख दीड पानाचा. एक शब्द जास्त नव्हता.

त्या आठवड्यात डबा भरला. एका रिक्षावाल्यानं लिहिलं, "बाई, माझ्या रिक्षात कोंबडी फ्री." एका निवृत्त कारकुनांनी सुंदर अक्षरात लिहिलं, "पुष्कळ दिवसांनी रस्त्यात एकटाच उभा राहून हसलो. लोक वळून बघत होते." एका चिठ्ठीत फक्त एवढंच होतं, "अंडं शेवटी कोणी खाल्लं? खुलासा व्हावा." ती मी मागणीत टाकली आणि बाईंना कळवली. त्यांनी पुढच्या शनिवारी बसून खुलाशाचा वेगळा लेखच लिहिला. तोही गाजला. मग शाळेच्या घंटेवर एक, तपासणीला आलेल्या साहेबांच्या गॉगलवर एक.

एकदा चिठ्ठ्या वाचून दाखवत होते, तेव्हा बाई एकदम म्हणाल्या, "मॅडम, मला हसवता येतं हे मला आत्ता कळलं."

"म्हणजे?"

"मी भाषण करणारी बाई. चौदा एप्रिल आला की भाषण, सहा डिसेंबर आला की भाषण. शिक्षकांच्या मेळाव्यात सामाजिक विषय आला की माईक माझ्याकडं. ते मी करते, करत राहणार, ते कामच आहे माझं. पण मला कोणी कधी गमतीचं बोला म्हटलं न्हाई. घरच्यांनी बी न्हाई." चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर आपटून सरळ केला, पेपर तपासल्यावर करतात तसा. "हे माझं एकटीचं आहे."

मी ते ऐकलं आणि लक्षात ठेवलं. पुढे जे झालं त्यात काय मोडलं ते समजायला हे वाक्य पुरेसं आहे.

त्या वर्षी दिवाळीला फलकावरच्या विनोदी लेखांची छोटी पुस्तिका काढायची असं दिरांनी जाहीर केलं होतं. पहिला लेख कोंबडीचा, हे ठरलेलं होतं. बाईंनी आईला सांगितलंही होतं. आई ऐंशीच्या घरात, लिहिता-वाचता न येणारी. ती म्हणाली होती म्हणे, पुस्तकात माझ्या हातात अंडं दाखवू नका, लोक म्हणतील म्हातारी चोरटी आहे.

दिवाळीआधी नव्या सोयी आणायच्या ठरल्या. दिरांनी माझा मागणीचा ढीग मागवला. त्यात सगळ्यात जास्त चिठ्ठ्या एकाच गोष्टीच्या होत्या: लिहिणारे कोण, कुठले, पूर्ण नाव छापा. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त 'वर्गशिक्षिका' कोण म्हणून विचारणाऱ्या.

"पाहा वहिनी, सगळे एकच विचारून राह्यले. ह्या बाई कोण?"

"नाव कळून काय करणार आहेत?"

"माणूस म्हटल्यावर विचारणारच की. गाडीत शेजारी बसला तरी पहिलं काय विचारतो? कुठले तुम्ही, आडनाव काय."

"आणि आडनाव ऐकून सरकून बसतो. तेही आपल्याकडंच."

ते हसले. "तुम्ही बी ना, वहिनी. कोण पाहतं आता? कोणत्या सालात राहून राह्यलो आपण!"

मी म्हटलं, ज्याला दाखवायचं त्यानं खूण करावी, ज्याला नको त्यानं करू नये, एवढी सोय ठेवा. ते म्हणाले, "बिलकुल." प्रोग्रामरला विचारलं तर तो म्हणाला, ऐच्छिक करायचं तर आणखी एक आठवडा लागेल, सगळ्यांचं दाखवायचं तर आजच होईल. दिरांनी घड्याळात बघितलं आणि म्हणाले, मग आजच करा.

नावं कुठून आणली, तर आमच्याच फॉर्ममधून. ब्लॉगसाठी नोंदणीचा फॉर्म दिरांनी क्लासच्या प्रवेश अर्जावरून जसाच्या तसा उतरवला होता: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. जातीच्या प्रवर्गाचा रकानासुद्धा होता. ब्लॉगला प्रवर्ग कशाला लागतो म्हणून तो मी पहिल्या दिवशी काढायला लावला होता. बाकीचा फॉर्म तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक लेखाखाली, आणि सोमवारपासून फलकावरही, टोपणनावाच्या जागी संपूर्ण नाव आणि गाव आलं. कुणालाही न विचारता. दिरांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. आमच्या क्लासच्या नोटीस बोर्डावर मुलांची यादी लागते, तशी ती लागली.

खरं सांगायचं तर बहुतेकांना ती सोय आवडली. बियाणे कंपनीतल्या एका लेखकाला त्याच्या मामाच्या गावचे लोक येऊन भेटले. एकाचं लग्न ठरल्याचंही ऐकलं. कौतुकाचा ढीग एवढा मोठा कधी झाला नव्हता. दीर माझ्या टेबलाशी येऊन तो हातानं उंच करून बघायचे.

बाईंच्या आडनावावरून आमच्या भागात कुणालाही कळेल की त्या बौद्ध आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांच्या लेखाला एकही चिठ्ठी आली नाही. लेख चांगला होता, शाळेतल्या उंदराचा. दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या आल्या. निवृत्त कारकुनांची पहिली. तेच सुंदर अक्षर. "आपल्या लेखनामागील वेदना आता उमगली. कोंबडी हे प्रतीक आहे हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही. आम्ही हसलो. क्षमस्व."

मी ती दोनदा वाचली. मग दुसरी उघडली. "उंदराच्या रूपाने आपण शोषितांचे चित्र रेखाटले आहे." तिसरी: "त्या प्रवासात आपल्या मातोश्रींना उभे राहावे लागले असेल, ते लिहिण्याचे आपण संयमाने टाळले." आई अख्ख्या लेखात खिडकीशी बसली होती. तिला कुणी उठवलं नव्हतं. उलट तिच्या अंड्यावरून गाडीभर माणसं भांडत होती.

एक चिठ्ठी मी फाडून टाकली. तिच्यात काय होतं ते लिहीत नाही. पण तशी ती एकच होती, आणि हे मी मुद्दाम सांगते. घाण लिहिणाऱ्याचं काय करायचं हे मला कळतं. त्याचा कागद फाडायचा आणि हात धुवायचे. ह्या बाकीच्या सज्जन, हळहळणाऱ्या, शुद्ध मराठीत माफी मागणाऱ्या माणसांचं काय करायचं, हे मला कळेना. माझ्या चार ढिगांत त्यांना जागा नव्हती. दीर म्हणाले, कौतुकात टाका.

ज्यांना हसू यायचं त्यांतले बाकीचे नुसतेच गप्प झाले.

नव्या सोयींतली दुसरी म्हणजे विभाग. ललित-विनोद, शेती, प्रवास, पाककृती, आणि दिरांनी ऐनवेळी वाढवलेला एक, 'समाजमन'. बाईंचे सगळे लेख त्यांनी ललित-विनोदमधून उचलून समाजमनमध्ये नेले. त्या विभागात दुसरं कुणी नव्हतं.

बाईंचा अभिप्राय आला तो संकेतस्थळावरच्या अभिप्रायाच्या फॉर्मातून, सगळ्यांसारखा. तो मला अजून पाठ आहे. "माझे लेख ललित-विनोद विभागात होते. ते समाजमन विभागात गेले आहेत. त्यांत समाजमन कुठे आहे ते मला सापडले नाही. आडनाव दाखवण्यास माझी हरकत नाही, ते माझेच आहे. फक्त आधी विचारले असते तर बरे झाले असते. लेख हलवण्यास मात्र हरकत आहे. कृपया परत जागेवर ठेवावेत."

मी तो छापून दुरुस्तीत ठेवला. दिरांनी तो उचलून तक्रारीत ठेवला.

"भाऊजी, ही दुरुस्ती आहे. वस्तू चुकीच्या जागी गेली, ती परत ठेवायची."

"चुकीच्या कशी? उलट सन्मान केलाय आपण. ललितमध्ये गर्दी आहे. हितं त्या एकट्या, एक नंबरला."

"कोंबडीनं अंडं घातलं, ह्यात समाजमन काय?"

"ते मी न्हाई म्हणत, वाचणारे म्हणून राह्यले. तुम्हीच टाइप केल्या ना चिठ्ठ्या? प्रतीक हाये, वेदना हाये. आता ग्राहकच म्हणतो वेदना हाये, तर आपण कोण न्हाई म्हणणारे?"

"आधी तेच ग्राहक हसत होते."

"तवा त्यांना माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

दिरांनी तक्रारीच्या ढिगावर पेपरवेट ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही जास्तीच ताणून राह्यल्या. घ्या, लिहा." आणि त्यांनी उत्तर सांगायला सुरुवात केली. आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आभारी आहोत. वाचकांच्या अभिप्रायांचा आदर राखून विभागणी केली आहे. आपले लेखन योग्य वाचकांपर्यंत पोहोचावे हाच हेतू.

मी की-बोर्ड त्यांच्याकडे सरकवला. म्हटलं, हे उत्तर तुमचं आहे, तुम्ही टाइप करा. त्यांनी एका बोटानं, अक्षरं शोधत, सगळं टाइप केलं. मी मदत केली नाही. खाली आपोआप सही आली, 'अभिप्राय विभाग'. प्रत्येक उत्तराखाली ती यायची. ती सोय मीच करून घेतली होती, रोज रोज टाइप करावं लागू नये म्हणून.

पुस्तिका छापून आली. मागच्या पानावर एका लोखंडाच्या व्यापाऱ्याची जाहिरात. पहिला लेख दिरांच्या बँकेतल्या मित्राचा, त्यांच्या कुत्र्यावर. कुत्रा चप्पल पळवतो आणि साहेबांना मीटिंगला उशीर होतो. कोंबडी कुठंच नव्हती. मी विचारलं तेव्हा दीर म्हणाले, ही विनोदी पुस्तिका आहे ना, त्यात त्यांचं गंभीर लेखन बरं दिसत नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या शनिवारी बाई आल्या. कोर्स संपला होता, त्यामुळे यायचं दुसरं काही कारण नव्हतं. बाहेर फलकाजवळ जाळीआड पुस्तिकेचं मुखपृष्ठ लावलेलं होतं. त्या त्याच्यासमोर थोड्या थांबल्या, मग आत येऊन माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"अभिप्राय विभाग कुठं बसतो?"

"इथंच. बसा ना, बाई."

"किती जण आहेत विभागात?"

"मी एकटीच."

"मंग ते उत्तर तुम्ही लिहिलं."

"नाही. ते मी लिहिलं नाही."

"सही विभागाची आहे."

मी सांगितलं, उत्तर कुणी टाइप केलं ते. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि मी पुन्हा सांगायला गेले नाही. एकाच गोष्टीचा खुलासा दोनदा केला की तो बहाणा वाटतो.

"मला माझं लिहिलेलं परत पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि हितून सगळं काढून टाका."

काढून टाकायचं बटण होतं. परत द्यायचं नव्हतं. एकेक लेख उघडायचा, उचलायचा, दुसऱ्या फाइलमध्ये ठेवायचा, आणि शेवटी सीडीवर घ्यायचा, एवढाच मार्ग. मी म्हटलं, वेळ लागेल, पुढच्या शनिवारी तयार ठेवते.

"बसते मी. शेवटची बस सहाला आहे."

त्या बसल्या. मी सुरू केलं. मध्येच वीज गेली, इन्व्हर्टरवर माझं एक मशीन चालू राहिलं. क्लासमधली मुलं उठून बाहेर गेली. लेख झाले तेव्हा मी विचारलं, "खालचे अभिप्राय पण घ्यायचे का?"

"हसलेले घ्या. रडलेले राहू द्या तुमच्याकडं. तुमच्या समाजमनात लागतील."

मग मी एकेक वाचत गेले आणि त्या 'ठेवा', 'काढा' म्हणत गेल्या. मान वर न करता, उत्तरपत्रिका तपासताना बरोबर-चूक करत जातात तशा. अंडं कोणी खाल्लं, ठेवा. गॉगलवाल्या साहेबांचा पत्ता पाठवा, ठेवा. शोषितांचे चित्र, काढा. मातोश्रींना उभे राहावे लागले, ह्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. "आई म्हणते, ह्या बाबाला बोलवा, मी त्याला बसून दाखवते. काढा."

निवृत्त कारकुनांपाशी मी थांबले. "ह्यांचे दोन आहेत. एक हसलेला, एक क्षमस्ववाला. हसलेला ठेवू?"

"आधीचा कोणता?"

"हसलेला."

 "मंग दोन्ही काढा. हसल्याची माफी मागितली त्यांनी. म्हंजे ते हसू त्यांनी परत घेतलं. परत घेतलेली चीज मी कायला ठेवू?"

मी दोन्ही काढले.

"रिक्षावाल्याचा आहे. कोंबडी फ्री."

"तो नंतर काही बोलला?"

"नाही. नंतर काहीच आलं नाही त्याच्याकडून."

"न्हाई म्हंजे, त्यानं वाचलं न्हाई, का वाचून गप बसला?"

"ते मला माहीत नाही, बाई."

त्या बाहेर बघत राहिल्या. रस्त्यावर स्टेशनकडून येणाऱ्या रिक्षा ओळीनं उभ्या होत्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "एक राहू द्या."

तेवढ्यात दीर आले. त्यांना बघून खरोखर आनंद झाल्यासारखे पुढे आले. "अरे, मॅडम! या या. वहिनी, चहा सांगा. मॅडम, नवीन काय लिहून राह्यल्या? थांबू नका हं. तुमच्यासारख्यांनी तर लिहिलंच पाहिजे."

"माझ्यासारख्यांनी म्हंजे?"

"म्हंजे..." दीर अडखळले. "अनुभवी माणसांनी."

"हो. अनुभव येऊन राह्यला," बाई म्हणाल्या.

दिरांना ते कळलं नाही किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मोबाइल वाजला म्हणून ते केबिनमध्ये गेले. चहा आला, पण बाईंनी घेतला नाही. त्यांनी बसचं कारण सांगितलं. मी सीडी कागदी पाकिटात घालून दिली. त्यांच्यासमोरच ब्लॉग काढून टाकायचं बटण दाबलं. 'आपली खात्री आहे का?' असं पडद्यावर आलं, तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी मान हलवली.

पाकीट पिशवीत ठेवून त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"मॅडम, आपलं लिहिलेलं परत न्यायची सोय न्हाई का तुमच्याकडं? हे सगळं तुम्ही हातानं केलं."

"नाही. तशी सोय नाही."

"मंग लिहा की मागणीत. बाकीच्यांना लागंल."

त्या गेल्यावर मी लिहून ठेवलं. कुणाच्या वतीनं आली ते लिहिलं, मागणी काय ते लिहिलं, आणि किती सोपं काम आहे तेही लिहिलं, कारण मी नुकतंच ते करून बघितलं होतं. सोमवारी दिरांनी ढीग तपासला. माझ्या कागदावर येऊन थांबले आणि त्यावर तिरकी रेघ मारली.

"जायची सोय आपणच कायला करून द्यायची, वहिनी?"

मी कागद परत घेतला. नाकारलेल्या मागणीलाही उत्तर पाठवायचं असतं, म्हणून यंत्रासमोर बसले आणि बाईंचं नाव शोधलं. सापडलं नाही. खातं बंद केलेल्या माणसाला उत्तर पाठवता येत नव्हतं.